किनाऱ्यावरील दिवा आणि आपली वही

दरवर्षी स्मरणिका हाती येते तेव्हा तीत संघटनेच्या कार्याचा आढावा, बाजारपेठेची स्थिती, करांचे बदलते नियम आणि गुणवंत मुलामुलींचा गौरव यांस स्थान मिळते, आणि ते योग्यच होय. यंदा आम्ही व्यापारी बंधुभगिनींचे लक्ष एका वेगळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. ज्या वस्त्यांना समुद्राने वेढले आहे, अथवा जेथे विजेची तार पोचूनही पहिल्या वादळात तुटून पडते, तेथील दिवा आजही डिझेलच्या आधाराने जळतो. तो सूर्य आणि वारा यांच्या बळावर लावता येईल काय, आणि येत असेल तर त्या कामी आपल्यासारख्या व्यापारी समाजाने कोणता वाटा उचलावा, हा तो विषय.

संकेश्वरच्या पेढीवर बसून समुद्राची चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आपली नदीच उत्तर देते. आपल्या गावावरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. त्या डोंगराची एक बाजू आपल्याकडे उतरते, तर दुसरी कोकणात. जुन्या काळी बेळगाव मुलखाचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जात असे. आजही गडहिंग्लज, आजरा, आंबोली या वाटेने मिरची आणि गूळ खाली जातात आणि नारळ, काजू, कोकम वर येतात. ज्या मुलखाशी आपले देणेघेणे आहे, त्या मुलखातील अंधार आपल्या वहीत कोठेच लिहिला जात नाही, एवढेच काय ते.

प्रथम डिझेलविषयी कृतघ्न होऊ नये. आपल्या भागातील पिठाच्या गिरण्या, तेलाचे घाणे, उसाचे चरक आणि विहिरीवरील पंप या इंजिनानेच चालविले. बेळगावात सायकलच्या दुकानापासून उद्योगास प्रारंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे सुपुत्र. त्यांच्या उद्योगसमूहाने १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि ते इंजिन खेडोपाडी पोचले. जेथे दुसरे काही नव्हते, तेथे डिझेलने माणसाचे श्रम हलके केले. म्हणून डिझेलला शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेब आपल्याला कळतो.

लहान जनित्रात एक लिटर डिझेल जाळले असता सुमारे तीन युनिट वीज मिळते. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर केवळ इंधनापोटी एका युनिटास ३० रुपये पडतात. यात तेल, फिल्टर, दुरुस्ती आणि होडीचे भाडे धरलेले नाही. एखाद्या दूरच्या वस्तीतील शाळा, लहान दवाखाना व पिण्याच्या पाण्याचा पंप मिळून दिवसास बारा युनिट लागतात असे समजा. रोज चार लिटर डिझेल म्हणजे ३६० रुपये, वर्षास १,३१,४०० रुपये, आणि पाच वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक रक्कम धुरावाटे निघून जाते. मागे काही उरत नाही. ज्यांस विजेचा सर्वांत कमी वापर परवडतो, त्यांनाच ती सर्वांत महाग पडावी, हा या व्यवहारातील मूळ अन्याय होय.

या अन्यायाचे आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे घारापुरी. लेण्यांतील त्रिमूर्ती पाहण्यास जगभरचे प्रवासी ज्या बेटावर येतात, १९८७ मध्ये ज्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली, आणि जेथून मुंबईचा झगमगाट डोळ्यांना दिसतो, त्या बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे कायमची वीज मिळाली नाही आणि डिझेलच्या जनित्रावर दिवस काढावे लागले. संध्याकाळी सुमारे तीन तास वीज, आणि नंतर अंधार. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून तेथे कायमची वीज नेण्यात आली. त्या कामास सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. घारापुरीच्या रहिवाशांचे दुःख संपले याचा आनंद सर्वांस झाला.

परंतु तारेने सर्व प्रश्न सुटत नाहीत. घारापुरी मुंबईच्या कुशीत आहे, म्हणून साडेसात किलोमीटरची तार शक्य झाली. अरबी समुद्रातच असलेल्या लक्षद्वीपाला अशी तार कोण टाकणार? तेथील दहा वस्तीच्या बेटांवर डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने न्यावे लागते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ते आधीच साठवून ठेवावे लागते. प्रवाळाच्या त्या चिमुकल्या बेटांवर गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. तेथे इंधनाची गळती म्हणजे विहिरीवरच संकट. जानेवारी २०२४ मध्ये कवरत्ती येथे १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प साठवणुकीच्या बॅटरीसह सुरू झाला, आणि बॅटरीची जोड असलेला तो त्या द्वीपसमूहातील पहिलाच. त्या वेळेपर्यंत तेथील विजेचा मुख्य आधार डिझेलच होता, यावरून काम किती बाकी आहे हे कळावे.

कोकणच्या किनाऱ्यावर तार आहे, तरी तिची परीक्षा वादळात होते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने सिंधुदुर्गापासून वरपर्यंत किनारा झोडपला. खांब पडले, तारा तुटल्या, आणि अनेक गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. अशा वेळी पाण्याचा पंप बंद, दवाखान्यातील लसींचे शीतकपाट बंद, दूरध्वनी मुका. ज्याच्याकडे जनित्र आणि डिझेल त्याच्याकडे उजेड. वादळानंतर रस्ते बंद असता डिझेलही सहज येत नाही. स्वतःच्या छपरावर वीज करून ती बॅटरीत साठविणारी एक शाळा व एक दवाखाना प्रत्येक अशा गावी असता तर गावाचा प्राण टिकला असता.

आता यंत्राचे पाहू. आपल्या हवेत एक किलोवॅटचे सौर फलक वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे चार युनिट वीज देतात. त्यांत फिरता भाग नाही, इंधन नाही, आवाज नाही. मात्र कोकणचा पावसाळा चार महिन्यांचा असतो. ढग दाटले की उत्पन्न बरेच घटते. वारा त्या काळात जोर धरतो, म्हणून जेथे शक्य आहे तेथे सूर्य आणि वारा यांची जोडी करणे शहाणपणाचे. देशातील पहिल्या पवनचक्क्या १९८६ मध्ये उभ्या राहिल्या त्या महाराष्ट्र, गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रकाठीच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इतके करूनही काही दिवस जनित्र लागेलच. ते विकून टाकू नये. कोपऱ्यात सज्ज ठेवावे. सारे डिझेल सुटेल असे वचन जो देईल तो एक तर अज्ञानी, नाहीतर माल खपविणारा. बहुतांश डिझेल सुटले तरी वस्तीचा संसार सावरतो.

खारी हवा हा दुसरा शत्रू. लोखंड गंजते, जोडण्या काळवंडतात, फलकांवर मिठाचा थर बसतो. जस्ताचा जाड मुलामा दिलेले सांगाडे, वेळोवेळी गोड्या पाण्याने धुणे, जोडण्यांची तपासणी या गोष्टी कोणी तरी नेमाने केल्या पाहिजेत. बॅटरीचे आयुष्य ठराविक असते. साध्या शिशाच्या बॅटऱ्या चारपाच वर्षांत थकतात, नव्या लिथियमच्या अधिक टिकतात, पण अमर कोणतीच नाही. ज्या दिवशी बॅटरी बसते त्या दिवशी वस्तीपाशी नवीन घेण्यास पैसे नसतील तर सुंदर फलक छपरावर तसेच राहतात आणि घराघरांत पुन्हा जनित्राचा धूर सुरू होतो.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. सूर्यापासून वीज करणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते तिची मालकी कोणाची, दुरुस्तीचा पैसा कोठून यायचा, आणि कोणी किती वापरायची हे ठरविणे. हे तिन्ही प्रश्न इंजिनियरचे नव्हेत. मालकी, घसारा आणि मर्यादा हे पेढीचे शब्द आहेत.

मालकीचा धडा शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक आपल्या हुक्केरी तालुक्याची. संकेश्वरची पेठ त्याच संस्थेच्या विजेवर वाढली. वीज ग्राहकच संस्थेचे सभासद असू शकतात, ही कल्पना आपल्या वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविली. त्याच पाचांतील महाराष्ट्राची संस्था मुळा-प्रवरा. तीही मोठ्या उमेदीने उभी राहिली, परंतु थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ मध्ये तेथील वितरणाचे काम महावितरणकडे गेले. दोन्ही संस्था सभासदांच्याच. भाव आणि वसुली यांची शिस्त राहिली नाही तर नुसत्या सहकाराच्या नावाने दिवा जळत नाही, हा बोध स्पष्ट आहे.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. डेन्मार्कमधील साम्सो हे सुमारे चार हजार वस्तीचे बेट. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेत त्याची निवड झाली आणि पुढील काही वर्षांत तेथे जमिनीवर अकरा व समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी कित्येकांचे भाग तेथील शेतकऱ्यांनी व सामान्य रहिवाशांनी घेतले. पवनचक्कीचा आवाज येतो म्हणून जो तक्रार करील, त्याचाच तिच्यात भाग असेल तर तो तिच्या फिरण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. व्यापाऱ्यास हे तत्त्व शिकवावे लागत नाही.

याहूनही बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडजवळील एग या बेटाचे. वस्ती अवघी शंभराच्या आसपास. १९९७ मध्ये रहिवाशांनी ते बेट जमीनदाराकडून आपल्या विश्वस्त संस्थेच्या नावे विकत घेतले. तोवर, आणि पुढेही दहाएक वर्षे, घरोघरी डिझेलची जनित्रे धडधडत होती. २००८ मध्ये त्यांनी ओढ्याचे पाणी, वारा आणि सूर्य या तिहींची वीज एकत्र करून साऱ्या बेटास पुरविण्यास आरंभ केला. देखभालीसाठी बेटावरचीच माणसे तयार केली. अडीअडचणीसाठी डिझेलची जनित्रे ठेवली, पण आता ती क्वचित लागतात. यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी प्रत्येक घराने एका वेळी पाच किलोवॅट आणि प्रत्येक व्यवसायाने दहा किलोवॅट यांहून अधिक भार घ्यावयाचा नाही असा नियम केला. मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज तुटते व पुन्हा जोडून घेण्यास पैसे भरावे लागतात. गरीब असो की श्रीमंत, घराची मर्यादा एकच.

हे वाचून जैन वाचकास काय आठवेल? श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण आहे, आणि त्याच्या जोडीस भोगोपभोगांचे परिमाण आहे. आपण किती ठेवावे, किती भोगावे याची मर्यादा माणसाने स्वतःच आखून घ्यावी आणि ती मोडू नये, हा त्यांचा आशय. एगच्या रहिवाशांनी जैन ग्रंथ पाहिले असतील असे नाही. मर्यादित वाऱ्यावर आणि मर्यादित पाण्यावर सर्वांनी एकत्र जगायचे ठरल्यावर त्यांस याच निष्कर्षाप्रत यावे लागले. डिझेलचा स्वभाव असा की पैसे असतील तितके जाळा, कोणी अडविणार नाही. सूर्य आणि वारा मात्र रोज मोजूनच देतात. जो समाज परिमाणाचे व्रत शतकानुशतके शिकवीत आला आहे, त्यास ही वीज परकी वाटू नये.

अहिंसेच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, म्हणजे अग्नीच्या आधारे चालणारे धंदे, आरंभीच येते. आपण अग्निकाय जीव मानतो. परंतु सौर फलक अहिंसक आणि डिझेल हिंसक अशी सोपी वाटणी करणेही बरे नव्हे. फलकाची काच भट्टीतच होते, त्याचे धातू खाणीतूनच निघतात, आणि पवनचक्कीच्या पात्यांनी पक्षी मरतात हेही खरे. अनेकान्ताची दृष्टी बाळगणाऱ्याने सर्व बाजू पाहाव्यात. त्या पाहूनही आमचा निर्णय असा की, रोज रोज अखंड जाळावे लागणाऱ्या इंधनापेक्षा एकदा घडवून वर्षानुवर्षे चालणारे साधन अल्प हिंसेचे आहे, आणि गृहस्थाच्या वाट्यास अल्प हिंसेचीच निवड येत असते.

येथे एक नाजूक शंका मोकळेपणाने बोलली पाहिजे. किनाऱ्यावरील बहुतेक वस्त्या मासेमारीवर जगतात. त्यांस साह्य करणे आपल्या व्रतास बाधक नाही काय? ही शंका आमच्या वाचनात व चर्चेत वारंवार आली आहे आणि ती टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आमचे उत्तर असे. मासे साठविण्याच्या बर्फाच्या कारखान्यास किंवा मासेमारीच्या नौकेस आपण भांडवल द्यावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या व्रताचा प्रश्न आहे. पण शाळेतील दिवा, बाळंतिणीच्या खोलीतील पंखा, लसीचे शीतकपाट आणि पिण्याच्या पाण्याचा पंप यांना जात नाही, धंदा नाही. अन्न, औषध, शिक्षण आणि अभय देताना घेणाऱ्याचा व्यवसाय विचारावा असे आपल्या दानपरंपरेने कधी सांगितलेले नाही. शिवाय काजू फोडणे, कोकम वाळविणे, आंब्याचे पदार्थ करणे हेही किनाऱ्यावरचेच उद्योग आहेत. तेथे स्वस्त वीज पोचली तर घरच्या मुलीसुनांस दुसरी मिळकत मिळेल, आणि तो माल घेणारे तर आपणच आहोत.

मग करावे काय? आपल्या समाजाचा दानधर्म मोठा आहे. पाठशाळा, वसतिगृहे, दवाखाने, पाणपोया त्याची साक्ष देतात. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने शिक्षणाच्या क्षेत्रात जे केले ते सर्वश्रुत आहे. परंतु दानाची एक सवय आपण तपासून पाहिली पाहिजे. वस्तू घेऊन द्यावयाची, संगमरवरी फलकावर दात्याचे नाव कोरावयाचे, उद्घाटनाचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि नंतर त्या वस्तूचे काय झाले हे पुन्हा विचारावयाचे नाही. विहिरीच्या किंवा वर्गखोलीच्या बाबतीत ही सवय फारशी नडत नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र ती घातक आहे. पाच वर्षांनी नावाचा फलक चकचकीत आणि खालचा दिवा विझलेला, असे दृश्य आम्हांस नको आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, संघटनेने या कामी देणगी न देता भांडवल द्यावे. इच्छुक सभासदांनी मिळून एक लहान निधी उभारावा आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील, आपल्या व्यापारी संबंधातील, एकाच वस्तीपासून आरंभ करावा. रक्कम नाममात्र व्याजाने द्यावी, आणि डिझेलवर जो खर्च होत होता त्यातून वस्तीने ती हप्त्याहप्त्याने फेडावी. परत आलेली रक्कम पुढच्या वस्तीस जावी. दिलेले दान एकदाच कामी येते. फिरते भांडवल पुन्हा पुन्हा कामी येते.

त्यास तीन अटी असाव्यात. पहिली, मालकी वस्तीच्या संस्थेची असावी आणि प्रत्येक घराचा, शंभर रुपयांचा का होईना, भाग तीत असावा. दुसरी, विजेच्या दरातच घसाऱ्याचा अंश धरावा आणि तो दरमहा वेगळ्या खात्यात जमा व्हावा. बॅटरी थकेल त्या दिवशी तिची किंमत बँकेत तयार पाहिजे. हे खाते मोडून सणसमारंभ करण्याची मुभा कोणालाही नसावी. तिसरी, प्रत्येक घराच्या वापराची मर्यादा वस्तीनेच सभा घेऊन ठरवावी व ती सर्वांस सारखी असावी. यांबरोबर गावातील दोन तरुणांस देखभालीचे शिक्षण देण्याचा खर्च संघटनेने सोसावा. आपल्या बाजूने काम एकच: वर्षातून एकदा आपल्यापैकी कोणी जाणत्याने तेथे जाऊन वही तपासावी. आपल्या समाजात वही तपासणाऱ्यांची वाण कधीच पडलेली नाही.

सरकारने हे करावे, आपण कशाला, असा आक्षेप येईल. सरकार करीत आहे आणि त्याने करावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती छतावरील तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. परंतु अनुदानाने संच बसतो. तो चालता ठेवणे अनुदानाच्या हाती नाही. जेथे सरकारचा हात संपतो तेथून समाजाचा हिशेब सुरू व्हावा, एवढीच आमची अपेक्षा. आणि दुसऱ्यास उपदेश करण्याआधी आपापल्या पेढीच्या मागे, गोदामाच्या कोपऱ्यात जे जनित्र धडधडते त्याच्या डिझेलचा वर्षाचा आकडा प्रत्येकाने येत्या पाडव्यापूर्वी काढून पाहावा. ज्यांच्या गोदामाची विस्तीर्ण छपरे उन्हात तापत आहेत, त्यांस पुढचे काही सांगण्याची गरज नाही.

घटप्रभेच्या पाण्याच्या बळावर १८८७ मध्ये गोकाकची गिरणी चालू लागली, तेव्हा या भागातील लोकांस तो चमत्कार वाटला असेल. निसर्ग जे वाहते ठेवतो त्यातून माणसाचे काम करून घेण्याची विद्या आपल्या मुलखास तेव्हापासून परिचित आहे. तीच विद्या आता घाट उतरून किनाऱ्यावर नेण्याचा काळ आला आहे. संघटनेच्या पुढील वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा, त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी, आणि निदान एका वस्तीच्या नावाने आपल्या वहीत एक नवे खाते उघडले जावे, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.